मस्टर नंबर १२८ : एका मुक्या रूपांतराचा इतिहास



आमची ओळख 'तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक' अशी करून दिली आणि लगेच आजचा विषय वाचला, तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. त्यांचं चुकलं नाही. आम्ही पंच्याहत्तरीला टेकलो, मोबाइलवर मराठी टाइप करायला नातीची मदत लागते, आणि बोलायला उभे राहिलो ते जावा नावाच्या संगणकभाषेवर. पण विषय आमच्या हद्दीतलाच आहे, हे थोड्या वेळात पटेल. नाही पटलं तर चहा आहेच.

सुरुवात आपल्याच स्टेशनापासून करू. मुंबईचा पाहुणा फोनवर विचारतो, तारापूरला कसं यायचं? आपण सांगतो, बोईसरला उतर. आपल्या लाइनीवर तारापूर नावाचं स्टेशनच नाही. एमआयडीसीच्या पाटीवर 'तारापूर औद्योगिक क्षेत्र', आणि ती बोईसरला खेटून. १९६९ साली वीज देऊ लागलेल्या अणुवीज केंद्राचं नाव तारापूर, त्यात काम करणारा मात्र सांगतो, बोईसरला राहतो. आणि मूळ तारापूर गाव आपल्या जुन्या किल्ल्यासकट समुद्रकाठी वेगळंच. 'आमचा मुलगा तारापूरला लागला' असं कुणी म्हटलं, की आपण विचारतो, कुठल्या तारापूरला? नाव एक, वस्तू तीन. आपल्याला सवय आहे म्हणून गोंधळ होत नाही. यंत्राला असली सवय नसते. त्याला एकाच खुणेचे दोन अर्थ दिले, तर ते कुठला अर्थ घेईल हे आधी कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं, आणि ते ठरवणारा आपल्यासमोर नसतो.

आता घडलेली गोष्ट. कारखान्याचं नाव सांगणार नाही, ठेकेदाराचंही नाही. आमचा एक जुना विद्यार्थी त्या भागात कामगारांच्या प्रश्नांत लक्ष घालतो. काही वर्षांपूर्वी तो एक कागद घेऊन घरी आला. ठेक्यावरच्या माणसांचा ओव्हरटाइम गेटवरच्या नोंदीवरून संगणक काढत होता. गेटची यादी एक, पगाराची यादी दुसरी. दोन्हींतला मस्टर नंबर जुळला की तास जमा. नवी व्यवस्था सुरू झाली आणि पहिल्याच महिन्यात जुन्या माणसांचे तास बरोबर आले, नव्या माणसांचे एकूणएक शून्य. जुनी माणसं आसपासच्या गावांतली. नवी तुकडी जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची, बहुतेक आदिवासी. आता तुम्हीच सांगा, त्या माणसांनी काय समजायचं? त्यांनी तेच समजलं. आपले पैसे खाल्ले. दोन दिवस काम बंद झालं. जुन्या-नव्यांत भांडणं झाली, कारण जुने म्हणाले आमचं बरोबर आलंय, मशीन खोटं बोलत नाही.

आमच्या विद्यार्थ्यालाही वाटलं की लबाडीच आहे. फक्त एक गोष्ट त्याला खटकत होती. लबाडी करणारा माणूस नंबर बघून थांबत नाही. इथे मस्टर नंबर १२७ पर्यंत प्रत्येकाचे तास आले होते आणि १२८ पासून पुढे एकाचेही नाहीत. १२७ नंबरवाला नव्या तुकडीतलाच होता, मोखाड्याचा, त्याचे आले! त्याला तर त्याच्याच माणसांनी वाळीत टाकायचं बाकी ठेवलं होतं. आमचा भाचा संगणकाच्या नोकरीत आहे, त्याला आम्ही फोन लावला. आकडा ऐकताच तो हसला आणि म्हणाला, 'मामा, हा जावाचा जुना रोग आहे.' त्या एका वाक्यानं आम्ही या विषयात शिरलो. पुढचे सहा महिने वाचत होतो.

रोग समजून घ्यायचा तर आधी ड्रम समजला पाहिजे. इथे एमआयडीसीत आयुष्य काढलेली मंडळी बसली आहेत, त्यांना सोपं जाईल. रसायन सुटं असतं तेव्हा ते टाकीत, पाइपात. पण गोदामात ठेवायचं, ट्रकवर चढवायचं, तर सुटं कसं ठेवणार? फोर्कलिफ्टला ड्रम लागतो. म्हणून माल ड्रममध्ये भरतात. जावात सुट्या संख्येला 'इंट' म्हणतात आणि तीच संख्या ड्रममध्ये भरली की तिला 'इंटिजर' म्हणतात. या ड्रमला त्यांचा शब्द रॅपर, म्हणजे वेष्टण. याद्या, कोष्टकं अशी जी भाषेची गोदामं आहेत, ती सुटा माल घेतच नाहीत. ड्रम आणा म्हणतात.

आता दोन ड्रमांकडे बोट दाखवून तुम्ही विचारलंत, 'हे सारखे आहेत का?' तर या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. हा तोच ड्रम आहे का? की दोन्हींत माल सारखा आहे का? सुट्या मालाला पहिला प्रश्न लागूच पडत नाही. सुटे १२८ म्हणजे १२८. जावात तुलनेसाठी दोन बरोबर-चिन्हं जोडून लिहितात. सुट्या संख्यांमध्ये ही खूण माल विचारते, आणि ड्रमांमध्ये तीच खूण विचारते, ड्रम तोच का. माल विचारायचा असेल तर 'इक्वल्स' हा वेगळा शब्द लिहावा लागतो. आमच्या त्या कारखान्यातल्या प्रोग्राममध्ये गेटच्या यादीतला १२८ एका ड्रममध्ये होता, पगाराच्या यादीतला १२८ दुसऱ्या. प्रोग्रामनं विचारलं, ड्रम तोच का? उत्तर आलं, नाही. म्हणजे माणूस सापडला नाही. म्हणजे तास शून्य.

मग १२७ पर्यंत कसं जुळलं? तिथेच खरी गंमत आहे, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

'टाइप' हा शब्द संगणकवाल्यांनी शोधलेला नाही. तो आमच्या अंगणातला. बर्ट्रांड रसेलला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक कोडं पडलं: जे संच स्वतःचे घटक नाहीत, अशा सगळ्या संचांचा संच स्वतःचा घटक आहे का? हो म्हटलं तर नाही, नाही म्हटलं तर हो. यातून वाट काढताना त्यानं १९०३ साली आणि मग नीट १९०८ साली सांगितलं की वस्तूंच्या पायऱ्या मानायच्या, टाइप मानायचे, आणि एका पायरीवरचं विधान दुसऱ्या पायरीवर करू द्यायचं नाही. वर्गातली मुलं आणि 'वर्ग' या एका पातळीवरच्या वस्तू नव्हेत. पुढे १९४० साली अलोन्झो चर्चनं याचं सुटसुटीत तर्कशास्त्र केलं, आणि तिथून तो विचार प्रोग्रामिंगमध्ये पाझरला. आम्ही चाळीस वर्षं हे वर्गात शिकवलं. मुलं जांभया द्यायची. ते मस्टरवर येऊन बसेल असं आम्हालाही वाटलं नव्हतं.

आणि 'तोच' आणि 'सारखा' हा प्रश्न तर त्याहून जुना. १८९२ सालच्या एका निबंधात गॉटलोब फ्रेगे विचारतो की पहाटेचा तारा आणि सांजतारा एकच आहे, हे कळल्यानं आपल्या ज्ञानात भर पडते, पण सांजतारा म्हणजे सांजतारा म्हटल्यानं पडत नाही, असं का? आपल्याकडे दोन्ही वेळा 'शुक्राची चांदणी' म्हणतात, त्यामुळे आपल्या आज्ज्यांना फ्रेगेची अडचण आलीच नसती. (हशा) पण नावं दोन असली की प्रश्न उभा राहतो, आणि नाव एक, वस्तू दोन असल्या की त्याहून वाईट.

संगणकभाषांमध्ये या सापळ्याची माहिती फार आधीपासून होती. लिस्प ही १९५८ च्या सुमाराला जॉन मॅकार्थीनं सुरू केलेली भाषा. तिच्यात तुलनेचे शब्दच वेगवेगळे. 'ईक्यू' म्हणजे तीच वस्तू, 'इक्वल' म्हणजे सारखी. संख्यांच्या बाबतीत 'ईक्यू' वर विसंबू नका, हा इशारा गाय स्टील यांच्या १९८४ सालच्या कॉमन लिस्पवरच्या ग्रंथात स्पष्ट आहे. गंमत पाहा, जावाची पहिली अधिकृत नियमावली १९९६ साली आली, तिच्या तीन लेखकांत जेम्स गॉस्लिंग आणि बिल जॉय यांच्या जोडीला हेच गाय स्टील आहेत. म्हणजे ज्या घरात सापळा माहीत होता, त्याच घरची ही भाषा. पण १९९६ साली तो सापळा अजून लावलेला नव्हता.

जावाचं काम १९९१ साली सन मायक्रोसिस्टिम्समध्ये सुरू झालं, घरगुती उपकरणांसाठी, तेव्हा नाव ओक. १९९५ साली जगासमोर आली. त्याआधीच्या स्मॉलटॉक भाषेत सगळं काही वस्तू, ऑब्जेक्ट. ३ हा आकडासुद्धा. विचार म्हणून सुंदर, पण त्या काळच्या यंत्रांवर हे जड पडेल अशी भीती. म्हणून जावानं मधला मार्ग काढला. आठ प्रकारची मूल्यं सुटी ठेवली, बाकी सगळं ऑब्जेक्ट, आणि प्रत्येक सुट्या प्रकाराला एक ड्रम. वेगासाठी केलेली ही तडजोड. आम्हाला ती चूक वाटत नाही. पण तिच्यामुळे भाषेत दोन वस्त्या झाल्या, आणि दोन वस्त्यांमध्ये ये-जा करणाऱ्याला दर वेळी फाटकावर सही करावी लागे. डिसेंबर १९९८ च्या आवृत्तीत याद्यांची मोठी गोदामं आली, तेव्हा सह्यांचा कंटाळा आला. १२८ यादीत टाकायचे तर 'नवा इंटिजर, आत १२८' असं हातानं लिहायचं, बाहेर काढताना परत वेगळं. प्रोग्रामर कुरकुरत. पण लिहिताना दिसत होतं, की मी आत्ता ड्रम भरतोय.

सप्टेंबर २००४ मध्ये जावाची पाचवी आवृत्ती आली आणि सही बंद झाली. याला ऑटोबॉक्सिंग म्हणतात. तुम्ही नुसतं १२८ लिहा, गरज असेल तिथे भाषा स्वतःच ड्रम भरेल, गरज नसेल तिथे उघडेल. मायक्रोसॉफ्टच्या सी-शार्पमध्ये २००२ पासून अशी सोय होतीच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता प्रत्येक लहानसहान संख्येला नवा ड्रम म्हणजे केवढी नासाडी! म्हणून ठरलं, की उणे १२८ ते १२७ या संख्यांचे ड्रम आधीच भरून एका फळीवर ठेवायचे, आणि कुणीही मागितला की त्याच फळीवरचा दाखवायचा. एका बाइटमध्ये मावणाऱ्या संख्या एवढ्याच, म्हणून हा आकडा. या टापूत १२७ कुणीही, कितीही वेळा मागा, ड्रम एकच. मग 'ड्रम तोच का' विचारलं तरी उत्तर 'हो'. १२८ ला मात्र साधारणपणे दर वेळी नवा ड्रम.

म्हणजे मोखाड्याच्या त्या माणसाचे पैसे आले, ते फळीमुळे. चुकीच्या प्रश्नाला योगायोगानं बरोबर उत्तर मिळत होतं. आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यानं तपासणी केली होती बरं का, आळशी नव्हता तो. पण तपासणीत दहा-वीस खोटी नावं घातली, नंबर एकपासून वीसपर्यंत. सगळी जुळली. तपासणी करणारा मोठे आकडे घालत नाही, कारण त्याला कंटाळा येतो. तुम्ही-आम्हीही नसते घातले.

नियमावलीतच याची कबुली आहे. तिथे साधारण असं म्हटलंय, की खरं तर एकाच मूल्याचा ड्रम नेहमी एकच असायला हवा, पण ते परवडणारं नसेल, म्हणून ही व्यवहारी तडजोड. २००५ साली जोशुआ ब्लॉक आणि नील गाफ्टर यांनी 'जावा पझलर्स' नावाचं कोड्यांचं पुस्तक काढलं. त्यात एक कोडं या जातीचं आहे: पहिला दुसऱ्याहून मोठा नाही, दुसरा पहिल्याहून मोठा नाही, तरी दोघे समान नाहीत. गणितात हे अशक्य. जावात शक्य, कारण लहान-मोठं ठरवताना भाषा ड्रम उघडून माल बघते आणि समान विचारताना ड्रम बघते. एकाच ओळीत दोन वेगळे नियम, आणि लिहिणाऱ्याच्या डोळ्यांना काही दिसत नाही.

दुसऱ्या भाषांनीही आपापली सोंगं आणली आहेत. जावास्क्रिप्टमध्ये 'खोटं' हे मूल्य ड्रममध्ये भरलं आणि विचारलं, की 'जर हे खरं असेल तर', तर भाषा म्हणते खरं आहे. का? आत काय आहे ते बघायला ती जातच नाही. ड्रम आहे ना, मग 'आहे'. पायथनच्या नेहमीच्या आवृत्तीत फळी उणे ५ ते २५६ पर्यंत, पण तिथे 'तोच' आणि 'सारखा' यांना मुळात वेगळ्या खुणा आहेत, म्हणून दुखापत कमी होते.

इथे आम्हाला आमचं लहानपण आठवतं. १ एप्रिल १९५७. आपला भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात, राज्य मुंबई. त्या दिवशी नवे पैसे सुरू झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. आता रुपयाचे शंभर नये पैसे. एका आण्याचे सव्वासहा नये पैसे होतात, आणि पाव पैशाचं नाणं नाही. म्हणून नियम केला: अर्धा किंवा त्याहून कमी असेल तर सोडा, जास्त असेल तर पूर्ण धरा. एक आणा म्हणजे ६, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. आम्ही आठ-नऊ वर्षांचे. पोरांच्या लगेच लक्षात आलं, की चार आण्यांचा गूळ एकदम घेतला तर २५ नये पैसे, आणि एकेका आण्याचा चार वेळा घेतला तर २४. आम्ही चार वेळा गेलो. तिसऱ्या वेळेला दुकानदारानं कान धरला आणि आण्याला सात पैसे मागितले.

रूपांतरात विचित्रपणा इथेही होता. पण तो उघड्यावर होता. कोष्टकं छापून भिंतींवर लावलेली, जुनी आणि नवी नाणी काही वर्षं शेजारी शेजारी चालू, आणि नाण्यावर 'नया' हा शब्द १९६४ पर्यंत मुद्दाम ठेवलेला. सव्वासहाचे सहा कुठे झाले, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला दिसत होतं. म्हणून भांडणं झाली, रोज झाली, आणि योग्य माणसाशी झाली. २००४ च्या रूपांतरात गैरसोय कमी झाली हे खरंच, पण भांडायला समोर कुणी उरलं नाही. जव्हारची माणसं ठेकेदाराशी भांडली, ठेकेदार संगणकवाल्याशी, संगणकवाला म्हणाला माझ्याकडे बरोबर चालतं. आणि ते खरं होतं! त्याच्याकडे वीसच नंबर होते.

गोष्ट तिथे संपली नाही. चूक सापडली, तुलनेच्या जागी 'इक्वल्स' लिहिलं, तास आले. पुढच्या महिन्यात प्रोग्राम मधेच बंद पडला. कारण वेगळं, घर तेच. सुट्या संख्येला काहीतरी मूल्य असावंच लागतं, निदान शून्य. ड्रमच्या जागी मात्र ड्रमच नसू शकतो. त्याला 'नल' म्हणतात. गेटवरचं यंत्र एका पाळीला बिघडलं होतं, काही माणसांच्या तासांची नोंदच आली नाही. नसलेला ड्रम भाषेनं आपणहून उघडायला घेतला आणि यंत्र थबकलं. 'नल' ही सोय टोनी होअर यांनी १९६५ साली अल्गोल-डब्ल्यू भाषेसाठी आणली. करायला फार सोपी होती म्हणून मोह झाला, असं त्यांनीच २००९ साली एका भाषणात सांगितलं आणि तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. होअर यांचा जन्म कोलंबोचा. थोडं उत्तरेला, एखाद्या नैयायिकाच्या शेजारी जन्मले असते तर बरं झालं असतं.

थट्टा नाही. वैशेषिकांनी आधी सहा पदार्थ मानले, पुढे सातवा पदार्थ म्हणून अभाव घेतला. नसणं हीसुद्धा एक नोंदण्यासारखी गोष्ट. पण त्यांची अट अशी, की नुसता 'अभाव' म्हणता येत नाही. कशाचा अभाव आणि कुठे, हे सांगायलाच हवं: जमिनीवर घटाचा अभाव. शिवाय तो कसला, हेही सांगा. अजून झालेलं नाही म्हणून नाही, तो प्रागभाव. होतं ते नष्ट झालं, तो प्रध्वंसाभाव. कधीच नव्हतं आणि असणार नाही, तो अत्यंताभाव. हे ते नव्हे, तो अन्योन्याभाव. जावाचा 'नल' यातलं काहीच सांगत नाही. तास अजून भरायचे आहेत? भरले होते ते पुसले गेले? की हा माणूस त्या पाळीला आलाच नाही?

आणि मग दुरुस्ती काय केली? जिथे नोंद नाही तिथे शून्य घाला. प्रोग्राम सुरळीत चालू लागला. आमच्या मते ही पहिल्या चुकीपेक्षा मोठी चूक. यंत्र थबकत होतं तेव्हा निदान 'मला माहीत नाही' असं ते सांगत होतं. शून्य लिहिलं की ते सांगू लागलं, 'या माणसानं काम केलं नाही.' आमच्या विद्यार्थ्यानं हे त्या लोकांसमोर मांडलं. संगणकवाला समजूतदार निघाला. नोंद नसेल तिथे पगारपत्रकावर रकाना कोरा ठेवून बाजूला 'नोंद मिळाली नाही' असं छापायचं ठरलं, आणि त्या कोऱ्या रकान्यात सुपरवायझरनं हातानं तास लिहून सही करायची. हातानं लिहायचं म्हणून ऑफिसातले कुरकुरले.

भाषेकडूनही डागडुजी चालू आहे. हातानं नवा ड्रम करायची जुनी रीत २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून नापसंत ठरवली. २०२१ च्या सोळाव्या आवृत्तीपासून या ड्रमांना ड्रम म्हणून ओळख आहे असं धरून चालू नका, अशा सूचना काही ठिकाणी मिळू लागल्या. २०१४ पासून व्हॅलहाला नावाचं काम सुरू आहे, त्याचा एक हेतू असा की ड्रमाला स्वतःची ओळखच ठेवू नये, आतला माल तीच त्याची ओळख. तसं झालं तर 'तोच का' आणि 'सारखा का' हे दोन प्रश्न पुन्हा एक होतील. आमच्यासारख्याला हे वाचून बरं वाटतं. पण कारखान्यांत, पतपेढ्यांत, शाळांच्या फीच्या याद्यांत वीस वर्षांपूर्वी लिहिलेलं जे चालू आहे, ते कोण उघडून बघणार?

थकलेले तास त्या माणसांना दोन हप्त्यांत मिळाले. मोखाड्याचा तो १२७ नंबरवाला त्याआधीच काम सोडून गेला होता. विद्यार्थ्यानं निरोप पाठवला, की तुझ्यावर कुणाचा राग नाही, ये परत. तो आला, पण मधे खंड पडला म्हणून त्याला नवा नंबर मिळाला. २१४.

आता प्रश्न विचारा. बोईसरला जाणाऱ्यांनी आधी विचारा, त्यांना गाडी गाठायची आहे.